चिंचेची दर्शनी बाजू

बन्सीधर ढगेने प्रवेशअर्जावरच्या दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि शाई वाळेपर्यंत कागद पंख्याखाली धरला. पहिला चौकोन 'बागेत वाढवलेले झाड' असा होता. दुसरा, 'निसर्गातून काढून आणलेले झाड'. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली होती : कोठून आणले? पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नकाशांवर गावांची नावं काढली त्याच अक्षरात त्याने लिहिलं, 'बोरी शिवार, तालुका जिंतूर. माळरान.' अंदाजे वय : साठ वर्षे.

"बोरीला कवा गेलतात?"

खांद्यावरून बालाजीची मान पुढे आली होती. बालाजीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. बोन्साय मंडळात काढून आणलेल्या झाडांचा सगळ्यात मोठा संग्रह त्याचाच. कुदळ आणि ओलं बारदान त्याच्या गाडीत कायम असे.

"चार वर्षं झाली," बन्सीधर म्हणाला.

"आन् आमाला आत्ता सांगायलाव? मी तिकडचा सगळा माळ पालथा घातला, मला असलं येक सापडलं न्हाई. जागा तरी सांगा."

"आता काही राहिलं नाही तिथं."

"हौ, तुमी गेल्यावर काय राहतंय." बालाजी हसला. "फूटपट्टी लावून खणलं आसंल."

बन्सीधरने अर्ज टेबलावर दिला आणि तो आपल्या झाडापाशी गेला. वसमत रोडवरच्या मंगल कार्यालयात प्रदर्शन भरलं होतं. स्टेजवर कालच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं अर्धवट काढलेली होती. जेवणाची टेबलं भिंतीला लावून त्यांवर पांढरे कपडे टाकले होते आणि मागे निळा पडदा. चिंचेची कुंडी दोघांनी उचलून आणावी लागली. गोल फिरत्या पाटावर ती ठेवून बन्सीधरने पाट बोटा-बोटाने सरकवला, दर्शनी बाजू समोर आली तशी थांबवला, आणि दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं.

गेली तीन वर्षं तो 'बागेत वाढवलेले' या वर्गात उतरत होता. पहिल्या वर्षी उंबर, मग बोर, मग कडुनिंब. तिन्ही वेळा पुण्याचे तेच परीक्षक होते आणि तिन्ही वेळा गुणपत्रिकेवर शेरा जवळजवळ सारखाच : काम स्वच्छ, पण हात दिसतो. तिसऱ्या वर्षी 'हात' या शब्दाखाली रेघ होती. बन्सीधरने ती गुणपत्रिका घडी न घालता घरी नेली. चिंच तेव्हा तयार होत आली होती. ती त्याने मंडळातल्या कुणालाच दाखवलेली नव्हती. पाहुणा मागच्या अंगणाकडे वळला तर तो दार ओढून घ्यायचा. सांगितलं नाही तर यांना काय दिसतं ते बघायचं, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

परीक्षक दुपारी आले. त्यांच्यामागे कृषी महाविद्यालयाची दहा-बारा मुलं-मुली वह्या घेऊन फिरत होती. परीक्षक प्रत्येक टेबलापाशी अर्धा मिनिट थांबत होते. चिंचेपाशी ते उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"या, सगळे इकडे या," ते म्हणाले. "खोड बुंध्यापासून चार बोटांवर वळलंय. का वळलं असेल?"

"वारा?" एक मुलगा म्हणाला.

"वारा शेंड्याला वळवतो. इथे रोप लहान असताना वर दगड आला असणार. झाडानं दगडाला वळसा घातला."

तो दगड म्हणजे एक वीट होती. दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात बन्सीधरने ती सुतळीने बांधून सात महिने टांगून ठेवली होती. आठव्या महिन्यात सुतळी सालीत रुतायला लागलेली दिसली, त्या दिवशी तो कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला होता.

"हा पोकळ भाग बघा. इथे मोठी फांदी होती. वाळली, कुजली, पावसानं धुतली. तीस-चाळीस वर्षांचं काम आहे हे."

बन्सीधरने उजव्या हाताचा अंगठा मुठीत घेतला. ती पोकळी कोरताना पटाशी निसटून त्या अंगठ्याला तीन टाके पडले होते.

"आणि या बारीक फांद्या. अशा माळावर शेळ्या चरतात. दर वर्षी शेंडा खातात, झाड बाजूनं फुटतं, पुन्हा खातात. कात्रीला हे जमत नाही. कात्री विचार करते, शेळी करत नाही." परीक्षक गुडघ्यावर हात देऊन उठले. "कुणाचं आहे?"

"माझं," बन्सीधर म्हणाला.

"फार हात लावला नाहीत तुम्ही याला. हे शहाणपण थोड्यांकडे असतं."

बन्सीधरने मान हलवली. मुलं वहीत लिहून घेत होती. त्यांतली एक वाकून कार्ड वाचत होती.

"काका, बोरीचं हाय हे? मी बोरीचीच. प्रियांका." तिने मोबाइल काढला. "फोटो काढू का? आजीला दाखवते. तिच्या शेळ्या होत्या त्या माळावर."

नको म्हणायला त्याला कारण सापडलं नाही.

संध्याकाळी निकाल लागले. काढून आणलेल्या झाडांत पहिला क्रमांक, आणि प्रदर्शनातलं सर्वोत्कृष्ट झाडही तेच. कुंडीच्या कडेला निळी फीत लावली गेली. बालाजीचा दुसरा आला. त्याने बन्सीधरला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "जागा सांगा."

घरी रुख्मिणी गरम भाकरी टाकत होती. त्याने हातपाय धुतले, पाटावर बसला आणि निकाल सांगितला.

"पयला?" तिने भाकरी उलटली. "सगळ्यात पयला?"

"हो."

"मग तोंड कामून आसं?"

त्याने अर्जाचं सांगितलं. चौकोन, मोकळी ओळ, बोरी, साठ वर्षं. तिने तव्याखालचा जाळ बारीक केला.

"म्हंजी बावीस वर्षं मी पाणी घातलं, ते रोज बोरीला जाऊन घातलं?"

"मला बघायचं होतं. सांगितलं नाही तर त्यांना काय दिसतं ते."

"मग दिसलं न्हवं चांगलं?"

"दिसलं."

"मग झालं की."

"झालं कसं? ते म्हणतात शेळ्यांनी केलं. दगडानं केलं. पावसानं केलं." त्याचा आवाज चढला. "माझ्या तोंडावर म्हणाले, हात लावला नाही म्हणून बरं झालं. आणि मी मान हलवली."

रुख्मिणीने त्याच्या ताटात वरण वाढलं. तो अर्धी भाकरी ठेवून उठला आणि आतून नकाशा ठेवायची पत्र्याची नळी घेऊन आला. दर एक जानेवारीला तो चिंचेचं चित्र काढत असे. ट्रेसिंग कागदावर, निम्म्या मापात, कोपऱ्यात तारीख. बी रुजवलं त्या वर्षीच्या कागदावर एक उभी रेघ आणि चार पानं होती. मुळं खाली न जाता पसरावीत म्हणून रोपाखाली घातलेल्या शहाबादी फरशीचं माप बाजूला लिहिलेलं होतं. पुढे खोड जाड होत गेलेलं, दोनदा वीतभरावर छाटलेलं, पुन्हा फुटलेलं. लाल पेन्सिलने तार कुठे बांधली, कधी सोडली. बावीस कागद त्याने एकावर एक ठेवले आणि दिव्याकडे धरले. खालून वरपर्यंत सगळ्या रेघा एकाच खोडात उतरल्या.

"उद्या जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला.

"बक्षीस जाईल."

"जाऊ दे. झाड माझंय."

रुख्मिणीने त्याचं ताट उचललं. अर्ध्या भाकरीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी बी येते."

शनिवारी सकाळी मंडळाच्या सचिव राजेश्री मॅडम प्रवेशद्वाराशी प्रमाणपत्रांवर नावं घालत होत्या. बन्सीधरने उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काका, गंमत करताय?"

"नाही."

"रात्रीच सगळ्यांना निकाल पाठवलाय हो. वर्तमानपत्रात दिलाय. उद्या पाहुणे येणार. आता कशाला? पुढच्या वर्षी घाला की दुसऱ्या वर्गात."

"मी लेखी देतो," बन्सीधर म्हणाला.

राजेश्री मॅडमनी परीक्षकांना बोलावलं. ते चहाचा कप घेऊन आले. बन्सीधरने कागद टेबलावर पसरले आणि रुख्मिणीने एका कोपऱ्यावर तळहात ठेवला. परीक्षकांनी एकेक कागद बघितला. विटेपाशी थांबले. पटाशीच्या वर्षापाशी पुन्हा थांबले.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. "खोटं का लिहिलंत?"

"तुम्हाला हात दिसतो का ते पाहायचं होतं."

"आणि नाही दिसला."

"नाही दिसला," बन्सीधर म्हणाला. एवढंच ऐकायला तो आला होता. पण परीक्षक कप फिरवत उभे राहिले.

"एक सांगतो, राग मानू नका. बागेतल्या वर्गात असतं तर मी त्या डोळ्यांनी पाहिलं असतं. मग कदाचित दिसला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आता दिसतोय." त्यांनी कपाने कागदाकडे खूण केली. "हे पाहिल्यावर दिसणारच ना. ती वीट आता मला विसरता येणार नाही."

बन्सीधरने कागद गोळा केले. कडा जुळेनात. त्याने ते टेबलावर दोनदा आपटले, तरी जुळेनात. रुख्मिणीने ते त्याच्या हातातून घेतले, सरळ केले आणि नळीत घातले.

त्याने चार ओळी लिहून दिल्या. पहिला क्रमांक बालाजीकडे गेला. चिंच प्रदर्शनात राहील पण स्पर्धेबाहेर, असं ठरलं. राजेश्री मॅडमनी कोरं कार्ड दिलं. त्यावर त्याने लिहिलं, 'चिंच. बागेत वाढवलेली. वय बावीस वर्षे. बन्सीधर ढगे, परभणी.' अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

कार्ड घेऊन तो चिंचेपाशी गेला तेव्हा तिथे एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. शेजारी प्रियांका.

"हेच काका," प्रियांका म्हणाली. "आजी, ह्यांनीच काढलं ते. काका, काल फोटो पाठवला तर सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. ऐकंचना."

"मी सगुणाबाई," म्हातारी म्हणाली आणि दोन्ही हात जोडले. "लय पुण्याचं काम केलं बगा. माळ पोरांनी सोलरच्या पाट्यांला दिला. जेशीबी आली. मी त्या डायवरला म्हनलं, बाबा, येवढं चिंचंचं झुडूप ऱ्हाऊ दे, मी तिथं भाकर खाते. त्यो हौ म्हनला. सांच्याला जाऊन बगते तर सपाट. मला काय ठावं, कुनी आदीच काडून नेलंय."

बन्सीधरने निळी फीत सोडली, ती खिशात घातली आणि जुन्या कार्डाच्या जागी नवीन ठेवलं.

"मावशी, हे ते झाड नाही."

"आसं कसं? हितं वळलंय की." तिने बोट न लावता वळण दाखवलं. "आन् ही ढोली. हिच्यात मी तंबाकूची पुडी ठिवायची."

"ही ढोली मी कोरलीय. पटाशीनं. हे माझ्या अंगणातलं झाड हाय. बी लावल्यापासून मीच केलंय."

"केलंय?" सगुणाबाईने नातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तोंडाला पदर लावून हसली. "झाड कुनी करतंय व्हय? झाड येतंय."

रुख्मिणी खाली बघत होती. बन्सीधरने नळीचं झाकण उघडलं आणि कागद टेबलाच्या कडेवर पसरले. प्रियांकाने दुसरं टोक धरलं. ती तारखा वाचत गेली तसा तिचा चेहरा बदलला. सगुणाबाईने डोळे बारीक करून सगळ्यात वरचा कागद पाहिला.

"चांगलं काडलंय चित्तर," ती म्हणाली. "हुबेहूब हाय."

"मावशी, ऐका—"

"आवो, भ्या नका. मी मागाया आले न्हाई. मला ठिवाया कुटं जागा हाय? दोन खोल्या हायेत, त्यात सुना. नुसतं बगाया आले."

"मी भ्यालो नाही."

"मग झालं तर." तिने पिशवी नातीकडे दिली. "पन येक सांगू का? तुमी ह्याला पाठमोरं ठिवलंय."

आणि बन्सीधर कागदाचं टोक सोडायच्या आत तिने कुंडीच्या कडेला दोन्ही तळवे लावले आणि ढकललं. फिरता पाट सहज फिरला.

"नका, नका मावशी," रुख्मिणी पुढे झाली. "तसं न्हाई ठिवायचं. ती बाजू न्हाई दावायची."

तिचा आवाज इतका घाईचा होता की बन्सीधरने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग झाडाकडे.

मागची बाजू त्याला माहीत नव्हती असं नाही. मागे दाट पाला हवा, त्याने झाडाला खोली येते. तो दाट आहे, एवढंच तो दर वेळी पाहत आला होता. अंगणात चिंच स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून वाढली आणि कुंडीत घेतल्यावरही त्याच जागी कट्ट्यावर बसली. काम समोरून आणि बाजूंनी व्हायचं. कुंडी बदलताना झाड फिरायचं तेव्हा फांद्या बारदानात गुंडाळलेल्या असायच्या आणि त्याचं लक्ष मुळांवर.

आता पडदा मागे होता आणि खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. फांद्या पेरापेराला मोडल्यासारख्या वळल्या होत्या. एक डावीकडे जाता जाता थांबली होती, तिच्यातून दोन फुटल्या होत्या, त्यांतली एक खाली उतरली होती आणि पुन्हा वर. कुठलंच वळण दुसऱ्यासारखं नव्हतं. कुठेही तार बसलेली नव्हती. खोड या बाजूने पुढे झुकलेलं दिसत होतं, पोकळी कडेला जाऊन अर्धीच दिसत होती आणि तीच पुरेशी होती. बन्सीधर दोन पावलं मागे गेला. एक डोळा मिटायचं विसरला.

"बगा," सगुणाबाई म्हणाली. "आता सांगा, हे खाल्लेलं हाय का न्हाई? माझी ढवळी अशीच खायची. वरवर. आत तोंड न्हाई घालायची."

तो फांद्यांकडे वाकला.

"आजी, चल, चहा घेऊ," प्रियांका म्हणाली. तिने म्हातारीचा दंड धरला आणि जाताजाता हळूच म्हणाली, "काका, मी सांगते तिला. आज नको."

सगुणाबाईने वळून आणखी एकदा झाडाकडे पाहिलं आणि कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

बन्सीधरने खिशातून भिंग काढलं. कात्रीने कापलेला शेंडा तिरपा आणि स्वच्छ वाळतो. तो त्याने डोळे मिटूनही ओळखला असता. इथले शेंडे चेमटलेले होते. काही जुने, सालीने भरून आलेले. काही याच पावसाळ्यातले. चेमटलेल्या जागी दोन्हीकडून दाब पडल्याची बारीक खूण होती. शेळीच्या दातांची नव्हे. त्याने एका शेंड्याला आपल्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं नख लावून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"काय?" रुख्मिणी म्हणाली.

"हे. मागचं."

स्टेजवर कुणीतरी माईक ठोकून बघत होतं. रुख्मिणीने पदराचं टोक दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"वरणाला घ्यायची थोडा. कवळा पाला. खिडकीतून हात पुरतो."

"कोणाला विचारून?"

"वरणात चिगूर घातला की तुमीच वाटी पुढं करता. तवा न्हाई इचारत कुटून आनला."

"किती वर्षं?"

"भुईत होतं तवापासनं." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या बाजूचा कदी घेतला न्हाई."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या झाडाला त्याच्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही, हे त्या घरात आल्यागेल्याला ठाऊक होतं. पाणी किती घालायचं त्याचं मापही त्याने डब्यावर रेघ मारून दिलं होतं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बालाजी आला.

"साहेब, राजेश्री मॅडमनं सांगितलं. मला वाटलं येडे झालेत का काय. तुमच्यामुळं फुकट पयला आलो." तो हसत होता, मग हसायचा थांबला. वाकला, कडेला गेला, पुन्हा समोर आला. "आरारा. हे काल कुटं लपिवलं होतं?"

"फिरवलं."

"आवो मग काल का न्हाई फिरवलं? काल चांगलं होतं. हे..." त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "हे कसं केलं, तेवढं सांगा बरं."

बन्सीधरने नवीन कार्ड सरळ केलं. ते सरळच होतं. बालाजी थोडा वेळ थांबला, मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

टेबलाच्या कडेवर कागद अजून पसरलेले होते. बन्सीधरने ते चाळले. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. बावीसही कागदांवर चिंच एकाच जागेवरून काढलेली होती. त्याने नळी उलटी करून झटकली. आतून शेवटचा, कोरा तुकडा घरंगळत आला. तो टेबलावर घालून त्याच्या चार कोपऱ्यांवर त्याने चष्म्याची डबी, भिंग, नळीचं झाकण आणि खिशातली फीत ठेवली, आणि पेन्सिल काढली. झाडाकडे पाहिलं. रेघ मारली नाही.

"कधी घ्यायचीस?"

"काय?"

"पाला. कोणत्या महिन्यात?"

रुख्मिणीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो रागावलाय की काय, तिला ओळखता आलं नाही.

"फुटला की. चैत्रात. मग पाऊस लागल्यावर."

त्याने कोपऱ्यात लिहिलं. "शेंडा ठेवून?"

"शेंडाच तर कवळा आसतोय."

"कात्रीनं कधीच नाही?"

"वरणाला कुनी कात्री घेतंय?"

"एका वेळी किती?"

"आता ते का मोजून तोडलं?" ती म्हणाली. पण तो पेन्सिल टेकवून थांबला होता, म्हणून तिने हात पुढे केला आणि मूठ करून दाखवली. "आदी येवढा. आपली माधवी सासरी गेल्यापासनं," तिने मूठ उघडून चिमूट केली, "येवढा."

बन्सीधरने झाडाकडे पाहिलं. वरच्या फांद्यांवरची पेरं खालच्यांहून लांब होती. एका जागेपासून ती लांब होत गेली होती; तिथून पुढे शेंडा कमी खुडला गेला होता. त्याने त्या जागेवर पेन्सिलचं टोक धरलं.

"कोणतं साल ते? माधवीचं लग्न?"

रुख्मिणीने पिशवी उचलून खांद्याला लावली.

"बगा की तुमच्या कागदात," ती म्हणाली. "लिवलं आसंल."